कासवाच्या घरातील सूर्य

आपल्या मराठीत 'कासव' हा एकच शब्द आहे. इंग्रजीत जमिनीवर राहणाऱ्याला 'टॉर्टॉइज' व पाण्यात राहणाऱ्याला 'टर्टल' अशी दोन नावे आहेत. शब्दांची ही काटकसर एरवी कोणाच्या मुळावर येत नाही. परंतु कासव घरात पाळायचे झाले म्हणजे मात्र तिच्यामुळे घोटाळे होतात. भूचर कासवाला कोणी पाण्याच्या टाकीत सोडतो, तर कोणी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवून दुधी भोपळ्याच्या फोडी खाऊ घालतो. प्राणी बिचारा मुका. काही महिन्यांनी त्याचे कवच बोटाने दाबले असता दबू लागते, पाय फताडे पडतात, तो चालेनासा होतो. आणि तेव्हा कोठे घरच्या मंडळींच्या ध्यानात येते की, आपण त्याला अन्न दिले, पाणी दिले, पण सूर्य दिला नाही.

या लेखात आपण भूचर कासवांपुरते, त्यातही 'सल्काटा' या आफ्रिकन कासवापुरते बोलू. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सहेल नावाच्या कोरड्या पट्ट्यातले हे रहिवासी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४५ किलोग्रॅमपेक्षाही अधिक होऊ शकते, हे तळहातावर मावणारे पिल्लू घरी आणण्यापूर्वीच जाणून असावे. आपल्याकडील तारांकित कासव दिसायला अधिक देखणे खरे. पण ते पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. परदेशी कासवांपैकी ज्यांचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापार नियमनाच्या याद्यांत आहे (सल्काटाचा आहे), त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. कागदपत्रांवाचून कोणी कासव देऊ केले तर ते घेऊ नये.

आता सूर्याकडे वळू. सूर्यापासून कासवाला दोन गोष्टी मिळतात आणि त्यांची गल्लत करता कामा नये. एक उष्णता, दुसरी जंबुपार किरणे. (जुन्या शास्त्रीय ग्रंथांतला हा गोड शब्द मागे पडून आता 'अतिनील' रूढ झाला आहे, बाजारात दिव्यांच्या खोक्यावर 'यूव्हीबी' अशी अक्षरे आढळतील.) कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःच्या बळावर तापत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचे अन्न पचते व हातपाय हलतात. अठराव्या शतकातील इंग्रज निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्या बागेत 'टिमथी' नावाचे कासव होते. ते दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास जमिनीत स्वतःला पुरून घेई आणि वसंत ऋतूत वर येई. टिमथी भूमध्य प्रदेशातल्या जातीचे होते, म्हणून त्याला ही झोप मानवली. सल्काटाला ती ठाऊक नाही. थंडी सोसून निजणे त्याच्या प्रकृतीतच नाही. गारठलेले सल्काटा झोपत नसते, आजारी पडत असते.

जंबुपार किरणांचे कार्य निराळे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी कातडीवर पडल्या म्हणजे तेथील एका द्रव्याचे रूपांतर होऊ लागते आणि शरीराच्या उष्णतेने ते पूर्ण होऊन 'ड' जीवनसत्त्व तयार होते. त्याच्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणजे किरण आणि ऊब ही दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी हवीत. मानवाच्या बाबतीत हे १९१९ मध्ये बर्लिनच्या डॉ. हुल्डशिन्स्की यांनी दाखवून दिले: मुडदूस झालेल्या मुलांना त्यांनी पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवले आणि त्यांची हाडे सुधारली. कासवाचे मऊ कवच हा त्या मुडदुसाचाच भाऊ.

ज्यांच्या घरी अंगण किंवा गच्ची आहे, त्यांना प्रथम हेच सांगायचे की, सकाळच्या कोवळ्या उन्हाइतका चांगला दिवा कोणत्याही कारखान्यात होत नाही. मात्र खिडकीच्या काचेतून येणारे ऊन म्हणजे ऊन नव्हे. काच उष्णता आत घेते व नेमकी ती उपयुक्त किरणे बाहेर ठेवते. काचेची पेटी उन्हात ठेवणे तर क्रूरपणाच. थोड्याच वेळात ती भट्टी होते. उघड्यावरही सावलीचा आसरा व पाणी हवेच. नागपूरच्या वैशाखात आफ्रिकेचा प्राणी म्हणून त्याला दुपारी गच्चीवर सोडाल, तर सायंकाळी तो जिवंत सापडेलच असे नाही. सहेलमधली कासवे त्या वेळी खोल बिळात असतात.

दिव्याची खरी गरज पडते ती सदनिकांत, पावसाळ्यात, आणि दिल्ली, इंदूर अशा ठिकाणच्या हिवाळ्यात. पेटी लाकडाची, वरून उघडी असावी. तिच्या एका टोकाला उन्हे खाण्याची जागा करावी; तेथे कवचाच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास तापमान राहावे. हे हात लावून ठरवू नये, तापमापक ठेवावा. उष्णतेसाठी साधा पांढऱ्या प्रकाशाचा दिवा चालतो. पण एकच अरुंद झोताचा दिवा कवचाच्या मध्यावर रोखला तर तेवढाच भाग भाजून सुकतो. त्यापेक्षा कमी शक्तीचे दोन दिवे शेजारी शेजारी लावणे शहाणपणाचे. किरणांसाठी परावर्तक असलेली 'टी-५' नळी घ्यावी. ती पेटीच्या निम्म्या लांबीवरच असावी, म्हणजे कासवाला हवे तेव्हा बाजूला सरता येईल. कवचाच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ ते ५ च्या दरम्यान असला म्हणजे पुरे. नळी व कासव यांच्यामध्ये काच वा प्लॅस्टिक नको. तारेची जाळीही बराच अंश खाते. नळी डोळ्यांना उजळ दिसत असली तरी तिच्यातील उपयुक्त किरणे महिन्यागणिक घटतात, म्हणून मीटर नसेल तर वर्षाकाठी ती बदलावी. दिवे नेहमी डोक्यावर असावेत, बाजूने कधीही नव्हेत. कासवाच्या भुवया उंचावरच्या सूर्यासाठी घडलेल्या आहेत. बाजूचा झोत सरळ बुबुळावर जातो.

येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात 'यूव्ही' दिवा असतो, माश्या मारण्याच्या पेटीतही असतो. स्वस्तात काम होते म्हणून कोणी हे दिवे कासवावर लावू नयेत. पहिला जंतू मारण्यासाठी आहे; त्याची २५४ नॅनोमीटरची किरणे प्राण्याचे व आपले डोळे आणि त्वचा पोळून काढतात. दुसरा केवळ निरुपयोगी.

रात्री बारा तास अंधारच हवा. तांबडे 'रात्रीचे' दिवे लावण्याचे कारण नाही. खोली २० अंशांखाली जात असेल, तर उजेड न देणारा चिनी मातीचा तापक थर्मोस्टॅटला जोडून वापरावा. त्याचा होल्डर चिनी मातीचाच असावा, प्लॅस्टिकचा वितळतो. तापलेले दगड व खाली अंथरायच्या विजेच्या गाद्या टाळाव्यात. ऊब वरून येते हेच कासवाला ठाऊक, पोट भाजत असले तरी ते हलत नाही. दिवा केवळ चिमट्यावर न अडकवता साखळीने टांगावा, कारण खाली वाळलेले गवत असते, आणि गवतावर पडलेल्या दिव्याने घर पेटायला वेळ लागत नाही. वीज गेली तर कासवाला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली द्यावी. दिवे पुन्हा लागेपर्यंत खायला देऊ नये, कारण थंड पोटात ते पचत नाही.