वाऱ्याची वाट आणि गंजका पत्रा

हवेने थंड होणारे इंजिन म्हणजे हवेत उघडे ठेवलेले इंजिन, हा समज इतका सहज पटतो की जुनी ड्यून बग्गी घरच्या अंगणात दुरुस्तीला घेणारा हौशी कारागीर पहिली चूक बहुधा त्याच्यापायीच करतो. बग्गीच्या मागच्या टोकाला इंजिन उघड्यावरच असते, वारा लागायला कसलीही आडकाठी नसते, मग त्याच्याभोवती गुंडाळलेले हे गंजके, वेडेवाकडे पत्रे हवेत कशाला, असा विचार करून तो ते भंगारात टाकतो किंवा त्यांतले दिसणारे तेवढे क्रोमचे करून आणतो. इंजिन पुन्हा जोडले की सुरूही होते आणि आवाजही खणखणीत येतो; पण भर उन्हात लांबच्या पल्ल्यावर एखादा पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि दोष तेलाला, कार्बुरेटरला किंवा जुन्या जर्मन बनावटीला दिला जातो. ज्या इंजिनाला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही आणि रबरी नळ्याही नाहीत, तिथे ही सगळी कामे पत्र्याकडेच असतात, हे लक्षात येईपर्यंत बराच खर्च होऊन गेलेला असतो.

ड्यून बग्गी म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून आणि समुद्रकिनाऱ्यावरून पळवण्यासाठी बनवलेली, दारे नसलेली हलकी मोटार. तिचे आज ओळखीचे असलेले रूप कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच येथे ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली घडवले. मेयर्स होड्या बांधणारे होते आणि फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंवर राळेसारखे रेझिन ओतून घट्ट केलेले कवच, हे त्यांच्या हातातले साहित्य होते. त्यामुळे त्यांच्या बग्गीची गोलाई एखाद्या डोंगीची आठवण करून देते. पहिल्या डझनभर गाड्यांमध्ये कवच हाच सांगाडा होता, पण ते महाग पडू लागल्यावर त्यांनी फोक्सवॅगन बीटलचे तळपाट घेतले, ते मधून सुमारे ३७ सेंटिमीटर कापून आखूड केले आणि त्यावर कवच बसवले. अशा आखूड गाडीला शेपूट नसलेल्या मांजराच्या जातीवरून ‘मँक्स’ हे नाव मिळाले. १९६७ साली मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातले ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापून मोटारसायकलचा आधीचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला, आणि त्यानंतर नकलांचा पूर आला. मेयर्स यांचे पेटंट न्यायालयात टिकले नाही. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातून जेमतेम काही हजार कवचे बाहेर पडली, तर नकला लाखांच्या घरात गेल्या. आज घरोघरच्या गॅरेजांत धूळ खात पडलेल्या बग्ग्यांपैकी बहुतेक या नकलाच आहेत, पण त्यांच्या पाठीवरचे इंजिन मात्र तेच, बीटलचे आहे.

या इंजिनात चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने एकमेकांकडे पाठ करून आडवे असतात. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हवा हे फारच दरिद्री माध्यम आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता पोटात घेते, तितकी घ्यायला सुमारे ३,५०० लिटर हवा लागते. बीटलचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला साधारण ५०० लिटर हवा फेकतो. ही हवा इंजिनातून जाताना ५० अंशांनी तापली असे धरले तर ती ३० किलोवॉटच्या आसपास उष्णता घेऊन जाते, म्हणजे स्नानघरातले दोन किलोवॉटचे १५ गिझर एकदम चालू असल्यासारखे. हेच काम पाण्याला सांगितले असते तर सेकंदाला चहाचा एक कप पाणी पुरले असते. एका कपाच्या जागी अर्धा घनमीटर हवा ढकलायची म्हटल्यावर ती कोठून येते, कोणत्या फटीतून जाते आणि कोठे बाहेर पडते याचा हिशेब काटेकोर ठेवावाच लागतो.

सिलिंडरच्या अंगावर पातळ चकत्यांसारख्या कडा काढलेल्या असतात, त्यांना फिन म्हणतात. फिनमुळे हवेला स्पर्श होणारे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते, पण त्यांच्यामधल्या फटी अरुंद असल्यामुळे हवेला तिथून जाणे कष्टाचे वाटते, आणि कष्ट टाळण्याच्या बाबतीत हवा कोणत्याही कामचुकार माणसापेक्षा हुशार असते. दोन सिलिंडरांच्या मधली मोकळी जागा सापडली की ती फिनना हात न लावता तिथूनच सटकते. तिला अडवून सिलिंडरच्या खालच्या अंगाभोवती वळवण्यासाठी पुशरॉडच्या नळ्यांमागे पत्र्याचे छोटे तुकडे लपवलेले असतात. इंजिन खोलताना ते खाली पडतात, कशाचे आहेत ते कळत नाही, आणि जोडताना नेमके तेच डब्यात शिल्लक राहतात.

उसाच्या किंवा कांद्याच्या रानात पाणी देताना ज्याने दारे धरली असतील त्याला ही सगळी रचना एका दृष्टिक्षेपात समजेल. विहिरीवरची मोटर कितीही दमदार असली तरी पाणी वाफ्यापर्यंत पोहोचते ते पाटाने. पाटाच्या बांधाला घुशीने बीळ पाडले की मोटर पूर्ण जोराने चालत असूनही शेवटचा वाफा कोरडा राहतो, आणि दारे धरणारा झोपला तर पहिल्या वाफ्यात तळे साचते. इंजिनावरचा मोठा कमानदार पत्रा हा पाट, त्याच्या आतल्या उभ्या पट्ट्या ही दारे, आणि सिलिंडर हे चार वाफे. दारे धरणारा गडीही इथे आहे: सिलिंडरांखाली पितळी भात्यासारखा एक थर्मोस्टॅट असतो, तो तापून फुगला की तारेने जोडलेली झडप उघडतो आणि थंड असताना ती मिटून ठेवतो, जेणेकरून सकाळी इंजिन लवकर गरम व्हावे. हा थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन अधिक गार राहते, अशी एक समजूत हौशी मंडळींत प्रचलित आहे. गडी हाकलून दिल्याने पाणी वाढत नाही. वाढते ती थंड इंजिनाची झीज. शिवाय गडी गेला आणि झडपाही त्याच्याबरोबर निघाल्या, तर हवा सिलिंडरच्या डोक्यांकडे वळवण्याचे कामही थांबते.

बांध फुटण्याची बग्गीतली जागा तर ठरलेलीच आहे. बीटलमध्ये पंख्याच्या हवेचा एक वाटा दोन तोंडांतून हीटरकडे जात असे. बग्गीला हीटर लागत नाही म्हणून त्याच्या नळ्या काढल्या जातात, पण ती तोंडे बंद करायची राहून जातात आणि हवा सरळ बाहेर वाहून जाते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बीटलमध्ये इंजिनाभोवतीचा आडवा पत्रा आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी यांनी वरची थंड हवा खालच्या तापलेल्या हवेपासून वेगळी राखलेली असते. बग्गीला इंजिनाची खोलीच नसल्यामुळे ही पट्टी निरुपयोगी झाली हे खरे, पण पत्रा झाला नाही. तो काढला तर सिलिंडरांवरून खाली उतरलेली आणि सायलेन्सरला घासून आलेली गरम हवाच पंखा पुन्हा वर ओढतो, विशेषतः गाडी उभी असताना किंवा वाळूत हळू चालताना. ज्या वाहनाची ओळखच वाळूत चालणे ही आहे, त्याच्यासाठी ही उणीव लहान म्हणता येत नाही.

मोटारसायकलचे इंजिन वाऱ्यात उघडे असते आणि त्याला पंखा लागत नाही, हे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे केले जाते. पण त्याहून जवळचे उदाहरण आकुर्डीत तयार झालेल्या बजाज चेतकचे आहे. चेतकचे इंजिन बाजूच्या फुगीर पत्र्याआड लपलेले असल्याने त्याच्या फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती होती आणि त्यांची हवा एका झाकणाने सिलिंडरवर नेली जाई. ते झाकण काढून स्कूटर पळवण्याची कल्पना पुण्यातल्या कोणत्याही मेकॅनिकला वेडेपणाची वाटली असती.

क्रोम की काळा रंग हा वादही याच जातीचा आहे. काळा पृष्ठभाग उष्णतेचे प्रारण अधिक करतो हे शाळेतले विधान बरोबरच आहे, पण १५० अंशांवरच्या अगदी आदर्श काळ्या पृष्ठभागातूनही चौरस मीटरमागे दोन किलोवॉटपेक्षा कमी उष्णता बाहेर पडते, आणि कमानदार पत्रा तितका तापतही नाही. ३० किलोवॉटपुढे हा चिल्लर हिशेब आहे. क्रोमच्या स्वस्त कमानी टाळाव्यात त्या रंगामुळे नव्हे. त्यांतल्या अनेकींच्या आत हवा वाटून देणाऱ्या पट्ट्याच नसतात, म्हणून. असल्या पट्ट्या असतानासुद्धा तीन क्रमांकाच्या सिलिंडरवर अन्याय होतच असे, कारण तेल थंड करणारी जाळी कमानीत नेमकी त्याच्या डोक्यावर उभी होती आणि त्याच्या वाट्याची हवा आधीच तापून येत असे. हे कंपनीलाही ठाऊक होते. १९७१च्या मॉडेलपासून ती जाळी कमानीबाहेर वेगळ्या कोनाड्यात नेण्यात आली. जुन्या इंजिनावर नंतरची कमान, पंखा आणि जाळी असा पूर्ण संच बसवणे ही खर्च सार्थकी लावणाऱ्या मोजक्या सुधारणांपैकी एक आहे.

बीटलचे श्रेय फर्डिनांड पोर्शे यांच्या नावावर जमा झाले असले तरी मागची जमाखर्चाची वही एकदा हान्स लेडविंका यांच्या नावाने उघडायला हवी. ऑस्ट्रियात १८७८ साली जन्मलेल्या या अभियंत्याने आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या टाट्रा कारखान्यासाठी १९२३ साली ‘टाट्रा ११’ ही छोटी गाडी रचली, आणि तिच्यात हवेने थंड होणारे आडव्या सिलिंडरांचे इंजिन, पाठीच्या कण्यासारखी एकच मध्यवर्ती नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे हलणारे अर्धे आस, अशा तीन गोष्टी एकत्र आणल्या. बग्गीसाठी बीटलचे तळपाट कापताना करवत ज्या मधल्या बोगद्यातून जाते, तो बोगदा त्या कण्याचाच वंशज आहे. १९३६ साली आलेल्या ‘टाट्रा ९७’मध्ये तर आडव्या चार सिलिंडरांचे हवेवरचे इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला होते. टाट्राने बीटलविरुद्ध पेटंटभंगाची तक्रार केली, पण जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर ती तक्रारही दाबली गेली आणि गाडीचे उत्पादनही बंद पडले. महायुद्धानंतर, १९६०च्या दशकात, फोक्सवॅगनने टाट्राच्या जुन्या मालकांशी पैसे देऊन तडजोड केली. लेडविंका यांच्या वाट्याला मात्र शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून १९५१ पर्यंतचा तुरुंगवास आला. ते तुरुंगात असतानाच त्यांच्या ‘टाट्रा ८७’मधून हान्झेल्का आणि झिकमुंड हे दोन चेक प्रवासी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका पालथी घालत होते. लेडविंका यांचा विचार किती चिवट होता याचा पुरावा भारतातही दिसतो: पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेली पिनाक रॉकेट-प्रणाली ज्या टाट्रा ट्रकवर बसवली गेली, त्यातही मध्यवर्ती नळीचा कणा, झुलणारे अर्धे आस आणि हवेने थंड होणारे इंजिन हीच त्रयी आहे. इतके असूनही बग्गीच्या सुबक सचित्र पुस्तकांत मेयर्स असतात, पोर्शे असतात, आणि लेडविंका तळटीपेतही क्वचितच सापडतात.

घरच्या दुरुस्तीची सोय मात्र या रचनेने उत्तम करून ठेवली आहे. सुमारे १०० किलोचे इंजिन चार बोल्टवर टांगलेले असते आणि सरकत्या जॅकवर ते एकट्यादुकट्याला उतरवता येते. खोलल्यावर मोजायची पहिली गोष्ट म्हणजे क्रँकशाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल, ती ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते आणि फ्लायव्हीलमागच्या तीन पातळ वॉशरांनी ती जुळवतात. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. मॅग्नेशियम तापल्यावर पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे सिलिंडर आवळून धरणारे पोलादी स्टड वर्षानुवर्षांच्या ताणाने त्याचे आटे उपटून काढतात. तिथे पोलादी आट्यांची बुशे बसवणे हाच टिकाऊ उपाय. याच मॅग्नेशियमचा कीस गॅरेजच्या कोपऱ्यात साठू देऊ नये, कारण तो पेटल्यास पाण्याने विझत नाही, उलट पाण्यातून हायड्रोजन सुटून आग भडकते. फायबरच्या कवचाला पडलेल्या चिरा वरून लांबी भरून झाकल्या की एका हंगामात पुन्हा उमटतात, कारण नवे रेझिन जुन्या घट्ट झालेल्या रेझिनशी रासायनिकदृष्ट्या एकजीव होत नाही, ते केवळ खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून राहते. म्हणून चिरेच्या दोन्ही कडा दूरपर्यंत उतरत्या घासून, मागच्या अंगाने काचेची चटई लावूनच जोड द्यावा लागतो. घासताना तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, धूळ गाळणारा मास्क लागतो.

हे सगळे सोडून बॅटरी आणि मोटर बसवण्याचा सल्ला अलीकडे उत्साहाने दिला जातो. फोक्सवॅगनने स्वतः २०१९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात विजेवरची बग्गी मांडली होती, तिचे कौतुकही भरपूर झाले, आणि ती विक्रीला आली नाही.

बग्गीचे इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी हीटरची दोन्ही तोंडे बंद आहेत, सिलिंडरांखालचे छोटे पत्रे जागेवर आहेत आणि डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा जोडलेला आहे, एवढे अवश्य पाहावे. पंखा आणि डायनॅमो एकाच दांड्यावर आणि एकाच पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे पट्टा तुटल्याची खबर चालकाला हा दिवाच देतो. चालत्या गाडीत तो लागला तर पुढचे गॅरेज गाठायचा मोह टाळून इंजिन तिथल्या तिथे बंद करावे, आणि जादा पट्टा व १३, १९ व २१चे पाने नेहमी आसनाखाली ठेवावेत.