पंप म्हणजे कोणता पंप?

इंग्रजीतून आपल्या शिवारात आलेल्या शब्दांत 'पंप' हा मोठा कामसू शब्द. दिवसातून किती वेळा तो तुमच्या तोंडी येतो, मोजून पाहा. विहिरीवरचा पाच एचपीचा, म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅटचा, तो पंप. सायकलच्या चाकात हवा भरतो तोही पंप. "दादा पंपावर गेलाय" म्हटले की तो डिझेल आणायला गेला, हे घरात पोरासोरांनाही कळते. वस्तीवरचा हापसा म्हणजे हातपंप. देशभर गाजलेला 'इंडिया मार्क 2' हा हातपंप 1970 च्या दशकात तयार झाला, तो आपल्या जालना आणि सोलापूर पंपांच्या अनुभवावरूनच. आगीचा बंब मात्र पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'बोंबा' या शब्दाचा अर्थही पंपच!

इथवर सारे गमतीचे. पण फवारणीच्या वेळी हाच शब्द माप होऊन बसतो, आणि घोटाळा तिथे होतो. "पंपाला किती टाकू?" असे आपण दुकानात विचारतो. "तीस टाका" असे उत्तर मिळते. कोणत्या पंपाला, हे दोघेही बोलत नाहीत. पाठीवरचा हाताचा पंप बहुधा 15 किंवा 16 लिटरचा असतो, बॅटरीचा कधी 20 लिटरचाही. शिफारस 10 लिटर पाण्याला 20 मि.ली. अशी असेल, तर 15 लिटरला 30 आणि 20 लिटरला 40 मि.ली. लागते.

त्यात "पॉवर पंपाला तिप्पट" हे वाक्य गावोगाव पसरलेले आहे. ते खरे आहे, पण पेट्रोलवर चालणाऱ्या, पंख्याच्या जोराने तुषार उडवणाऱ्या पंपापुरते. हाताच्या पंपाने एकराला 200 लिटर पाणी लागत असेल, तर वरच्या हिशेबाने 400 मि.ली. औषध जाते. पेट्रोल पंपाला तेवढ्याच एकराला पाणी साधारण तिसरा हिस्सा लागते. म्हणून 10 लिटरला 60 मि.ली.; एकराचे औषध तेच 400. बॅटरीच्या पंपात पंखा नसतो, फक्त दांडा हलवायचे श्रम मोटर वाचवते. त्याला पाणी हाताच्या पंपाइतकेच लागते आणि मात्राही तीच. त्यालाच 'पॉवर' समजून तिप्पट केलेत, तर एकराला 1200 मि.ली. विष जाईल. (विषालाही आपण 'औषध' म्हणतो, तो आणखी एक भोळेपणा!) पैसे जातात, पीक करपते, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगात विष भिनते ते वेगळेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-मजूर दगावले, हे आपण पाहिले आहे.

तेव्हा दुकानात पंपाला किती हे विचारूच नका. लिटरला किती आणि एकराला किती, ते विचारा. घरातल्या लिटरच्या मापाने आपली टाकी एकदा भरून पाहा. जो आकडा येईल तो ऑइलपेंटने टाकीवर ठळक लिहा. द्रावण कालवायला घरातली बाई असो की सालगडी, आकडा दोघांनाही दिसला पाहिजे. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. फवारताना मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले, तर पंप तिथेच ठेवा, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि लगोलग दवाखाना गाठा. जाताना डब्यावरचे लेबल बरोबर न्या. कोणते विष अंगात गेले हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.