ही ओळ कुणाची?

बँकेत पीककर्जाचे प्रकरण समोर आले की मी सातबाऱ्यावरच्या नावांपेक्षा त्यांच्यालगतचे वर्तुळातले आकडे आधी पाहत असे. ते फेरफाराचे क्रमांक. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडपासून वणीपर्यंत कुठल्याही गावी जा. गाव नमुना 6 च्या वहीत त्या आकड्यापुढे हे नाव इथे कसे आले ते लिहिलेले असते. खरेदी, वारस, वाटणी की आणखी काही.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याने संगणकावर तोच प्रकार दाखवला, तेव्हा मला गंमत वाटली. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली रचलेल्या 'गिट'मध्ये प्रोग्रॅमच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. 'ब्लेम' अशी आज्ञा दिली की प्रत्येक ओळीसमोर ती कुणी, केव्हा, कोणत्या नोंदीने बदलली ते उमटते. ब्लेम म्हणजे ठपका! त्याआधीच्या 'सबव्हर्जन' प्रणालीत याच आज्ञेला 'प्रेझ', म्हणजे वाहवा, असेही नाव आहे. ओळ तीच, विचारणारा कोणत्या मनःस्थितीत आहे त्यावर सगळे. असो.

मेख अशी की, ब्लेम फक्त शेवटचा हात कुणाचा लागला ते सांगते. कुणी ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा नुसत्या सारख्या केल्या, तरी त्या सगळ्या ओळी त्याच्या नावावर चढतात. मग असले बदल वगळून पुन्हा विचारायचे. तेवढ्याने भागले नाही तर त्या नोंदीच्या आधीच्या प्रतीला तोच प्रश्न करायचा. भाच्याला हवी असलेली ओळ अशी तीन पायऱ्या उतरून सापडली. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि कारण म्हणून दोनच शब्द: 'किरकोळ दुरुस्ती'.

आणि पुसलेल्या ओळीचे काय? आजच्या प्रतीत जी नाहीच, तिच्यासमोर ब्लेम काय छापणार? तिच्यासाठी जुन्या नोंदी उलट्या चाळाव्या लागतात. सातबाऱ्याचे पुनर्लेखन झाले, पुढे तो संगणकावर गेला; प्रत स्वच्छ झाली आणि जुनी कंसातली नावे मागे राहिली. त्या कंसांत मला बहिणी फार भेटल्या. बापाच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत भावांबरोबर त्यांची नावे लागलेली असत, आणि पुढच्याच एखाद्या फेरफाराने ती कमी झालेली. कारण: हक्कसोडपत्र. तारीख, सही, अंगठा, सगळे बिनचूक.

त्यांतल्या एका बाईंना मी एकदा विचारले होते, का सोडलात? त्या म्हणाल्या, "माहेर राहू द्या ना, साहेब."