बेचाळीस आणि साडेछत्तीस

अमेरिकेच्या नकाशात कॅलिफोर्नियाच्या उत्तर सीमेवर बोट ठेवा. ना नदी, ना डोंगररांग, तरी सीमा पट्टीने ओढल्यासारखी सरळ. हे ४२ वं अक्षवृत्त. आता मिझुरी राज्याच्या दक्षिणेला या. ही सीमाही बरीचशी सरळच, ३६ अंश ३० मिनिटांवर. पहिली रेषा अमेरिकेने स्पेनशी घासाघीस करून मिळवली. दुसऱ्या रेषेसाठी तिला स्वतःशीच घासाघीस करावी लागली. दोन्ही वाद १८१९ च्या एकाच फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये रंगात आले होते, हे कळल्यावर थक्क व्हायला होतं.

२२ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स आणि स्पेनचे वकील लुइस दे ओनिस यांनी तहावर सह्या केल्या. फ्लोरिडा अमेरिकेला मिळाला. शिवाय साबीन, रेड आणि आर्कान्सा या नद्यांच्या आधाराने पश्चिमेकडे सरकणारी सीमा ४२ व्या अक्षवृत्तावरून थेट पॅसिफिक महासागराला भिडली. ज्या देशाची राजधानी साडेचार वर्षांपूर्वी ब्रिटिश सैन्याने जाळली होती, तो आता दोन महासागरांची भाषा बोलत होता. आयुष्यातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा दिवस, असं ॲडम्सनी रोजनिशीत लिहिलं. वाटाघाटींना आधार होता जॉन मेलिश यांच्या १८१८ च्या नकाशाचा, आणि तहात त्याचा नावानिशी उल्लेख आहे. त्या नकाशात १०० वं रेखावृत्त चुकीच्या जागी होतं. त्यातून उपजलेला टेक्सासचा सीमावाद सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला तो १८९६ मध्ये!

या सह्या होण्याच्या अवघे नऊ दिवस आधी, १३ फेब्रुवारीला, प्रतिनिधिगृहात न्यूयॉर्कचे जेम्स टॉलमॅज उभे राहिले. मिझुरीला राज्य व्हायचं होतं. टॉलमॅज यांची अट अशी: तिथे नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि पुढे गुलामांच्या पोटी जन्मणारी मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त करायची. मतदानात पक्ष बाजूला पडले आणि उत्तर विरुद्ध दक्षिण अशी सरळ फाळणी झाली. अटीचा पहिला भाग ८७ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला, पण सिनेटने ती फेटाळली. मेख तिथेच होती. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येमुळे उत्तरेचं पारडं जड. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य, आणि त्याच डिसेंबरात अलाबामा आल्यावर गुलामगिरीची ११ आणि तिच्याविना ११ राज्यं, अशी बरोबरी झाली. तेविसावं राज्य कोणाचं, हा प्रश्न म्हणून जिवावरचा.

१८२० च्या मार्चमध्ये तोड निघाली. मॅसॅच्युसेट्समधून मेन वेगळं काढून ते मुक्त राज्य, मिझुरी गुलामगिरीचं राज्य, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियानाच्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी कायमची बंद. या हिशेबात ज्यांच्या आयुष्याचा सौदा होत होता, ते देशभरातले सुमारे १५ लाख गुलाम कुठल्याच सभागृहात नव्हते.

त्याच दिवसांत युद्धमंत्री जॉन कॅलहून ॲडम्सना म्हणाले, की संघराज्य फुटलंच तर दक्षिणेला ब्रिटनशी हातमिळवणी करावी लागेल. पूर्व-पश्चिम समुद्र जोडू पाहणाऱ्या परराष्ट्रमंत्र्याला हे त्याच मंत्रिमंडळातला सहकारी ऐकवत होता.

खरी गुंतागुंत इथे आहे. स्पेन तहाला मान्यता द्यायला टाळाटाळ करत होता, आणि तहात टेक्सास का सोडला म्हणून प्रतिनिधिगृहाचे सभापती हेन्री क्ले सरकारला धारेवर धरत होते. राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी मात्र हात आखडता घेतला. नैर्ऋत्येला आणखी जमीन म्हणजे गुलामगिरीला आणखी वाव, आणि मिझुरीचं भांडण पुन्हा पेटणार, हे ते ओळखून होते. राष्ट्र वाढवण्याची हौस आणि राष्ट्र फुटण्याची भीती एकाच जमिनीतून उगवत होती. हाती येणारा प्रत्येक नवा मुलूख विचारत होता: इथे गुलाम की मुक्त? आणि एवढ्या घुसळणीनंतर, त्याच १८२० च्या निवडणुकीत मन्रोंना निर्वाचकांच्या २३२ पैकी २३१ मतं मिळाली! कागदावर एकमत, पोटात दुफळी.

स्पेनशी ठरलेली रेषा स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोकडे वारशाने आली. पुढे मेक्सिकोचा तो मुलूखही अमेरिकेने जिंकला, तरी आज कॅलिफोर्निया, नेवाडा आणि युटा यांची उत्तर सीमा ४२ व्या अक्षवृत्तावरच आहे. साडेछत्तीसची रेषा ‘कायमची’ म्हणून आखलेली. तिचा करार १८५४ मध्ये काँग्रेसनेच मोडला, १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, आणि चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. परक्या साम्राज्याशी केलेला करार टिकला, कारण तिथे फक्त जमिनीचा प्रश्न होता. आपसातल्या करारात माणसांची मालकी वाटून घेतली होती, आणि तो प्रश्न कुठल्याही अक्षवृत्ताने सुटण्यातला नव्हता.