जहाजाच्या पत्रकातली एक ओळ

मोठ्या क्रूझ जहाजावर दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचे पत्रक आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येऊन पडते. आता बऱ्याच कंपन्या ते मोबाइलवरही दाखवतात. नाश्त्याच्या वेळा, योगाचा वर्ग, नाचाचे धडे, पत्त्यांचे डाव, रात्रीचा खेळ असे सारे त्यात असते. त्यातच अनेक परदेशी जहाजांवर एक लहानशी ओळ आढळते: संध्याकाळी अमुक वाजता, अमुक लाउंजमध्ये एलजीबीटी प्रवाशांची भेट. पूर्वी ती 'फ्रेंड्स ऑफ डोरोथी' या सांकेतिक नावाने छापली जायची, म्हणजे ज्याला कळायचे त्याला कळावे आणि बाकीच्यांनी पुढे वाचावे. 2023 मध्ये जगभरात 3 कोटींहून अधिक लोकांनी क्रूझने प्रवास केला. एवढ्या मोठ्या धंद्यात ही ओळ नगण्य वाटेल. मला मात्र समलिंगी प्रवाशाच्या दृष्टीने जहाजावरची सर्वांत मोलाची सोय तीच वाटते. मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या पत्रकात ती रुजायला हवी, आणि तिची गरज समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या माणसालाही आहे.

आधी एक गोड गैरसमज बाजूला ठेवला पाहिजे. किनारा सुटला की कुणाचा कायदा उरत नाही, समुद्रावर माणूस मोकळा, अशी कल्पना जाहिरातींनी पसरवली आहे. प्रत्यक्षात खोल समुद्रात जहाज ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाचा कायदा चालतो, आणि बंदरात शिरले की त्या बंदराचा. माल्टाने 2017 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, म्हणून माल्टात नोंद असलेल्या 'सेलिब्रिटी रिफ्लेक्शन' या जहाजावर जानेवारी 2018 मध्ये दोन पुरुषांचे कायदेशीर लग्न लागू शकले. त्याच सुमारास बर्म्युडात उलटा प्रवास सुरू होता. तिथल्या न्यायालयाने 2017 मध्ये दिलेला हक्क सरकारने 2018 मध्ये कायदा करून काढून घेतला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि मार्च 2022 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. कुनार्ड आणि पी अँड ओ यांची बहुतेक जहाजे बर्म्युडात नोंदलेली. त्यामुळे त्या बेटावरचा वाद थेट डेकवरच्या लग्नांपर्यंत पोचला. पाणी तेच, आकाश तेच, पण जहाजाच्या मागच्या टोकाला फडकणारा झेंडा वेगळा, एवढ्यावर जोडप्याचा हक्क ठरत होता.

बंदरांची कथा याहून कडक आहे. 1998 साली केमन बेटांच्या सरकारने समलिंगी प्रवाशांनी भरलेल्या 'लीवर्ड' या जहाजाला येऊ द्यायला नकार दिला. 2012 मध्ये डॉमिनिकाच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरच्या दोन अमेरिकी प्रवाशांना पोलिसांनी अटक केली. ते होते आपल्याच केबिनच्या सज्जात, पण जहाज धक्क्याला लागलेले होते आणि धक्का डॉमिनिकाचा होता. त्या देशातला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जुना कायदा न्यायालयाने रद्द केला एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. आपल्या बाजूचे मार्ग पाहिले तरी हेच दिसते. सिंगापूरने समलिंगी संबंधांविरुद्धचे आपले 377अ हे कलम रद्द केले आणि तो बदल जानेवारी 2023 पासून लागू झाला. पण सिंगापूरहून निघालेले जहाज पेनांगला पोचले की मलेशियाच्या दंडसंहितेतली 377 च्या कुळातली कलमे अजून जिवंत आहेत. मालदीवमध्येही समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. परदेशी क्रूझ घेणाऱ्या जोडप्याने म्हणूनच भाड्याबरोबर बंदरांची यादीही नीट वाचावी, आणि जिथे कायदा विरोधात आहे तिथे हातात हात घेऊन उतरू नये. हे लिहिताना वाईट वाटते, पण तो सल्ला खरा आहे.

मग समुद्राचे आकर्षण आले कुठून? त्याचे मूळ प्रवाशांपेक्षा खलाशांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश प्रवासी जहाजांवर स्टुअर्ड म्हणून काम करणाऱ्या समलिंगी पुरुषांचे एक जगच होते, त्यांची 'पोलारी' नावाची आपसातली बोली होती. पॉल बेकर आणि जो स्टॅन्ली यांनी 2003 मध्ये 'हॅलो सेलर!' या पुस्तकात तो इतिहास लिहिला. त्याच पी अँड ओच्या जहाजांवर गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यान्‌पिढ्या राबले. पण याही जगाला कायद्याचे छत्र नव्हते. इंग्लंडने 1967 मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले तेव्हा व्यापारी जहाजांवरचे कर्मचारी मुद्दाम बाहेर ठेवले गेले, ते 1994 पर्यंत. आणि समलिंगी संबंधांवरून खलाशाला नोकरीवरून काढण्याची मुभा देणारे शेवटचे शब्द ब्रिटिश कायद्यातून गेले 2017 मध्ये. जहाजावर जे मिळाले ते समुद्रामुळे मिळाले नाही. महिनोन्‌महिने एका छताखाली राहणारी, एकमेकांना ओळखणारी माणसे तिथे होती म्हणून ते मिळाले.

हे एकमेकांना ओळखणे दिल्लीत किती महाग पडत आले आहे, ते इथला इतिहास सांगतो. 1992 साली कॅनॉट प्लेसच्या सेंट्रल पार्कमधून पोलिसांनी पुरुषांना समलिंगी असल्याच्या संशयावरून पकडले, आणि 11 ऑगस्टला एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. भारतातले समलिंगी हक्कांसाठीचे ते पहिल्या काही निदर्शनांपैकी एक. भेटायला जागा नाही म्हणून बाग, आणि बाग म्हणून पोलीस, असे ते चक्र होते. पुढे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध नाझ फाउंडेशनची याचिका, 2 जुलै 2009 चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, 2013 मधली माघार आणि 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. भेटायच्या जागेचा प्रश्न सरकारी वसाहतीत राहणाऱ्या माणसापुरता तरी शिल्लक राहिला.

लक्ष्मीबाई नगर, आयएनए बाजार आणि दिल्ली हाटच्या शेजारची ही झाशीच्या राणीच्या नावाची वसाहत, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आहे. इथे शेजारी हा बहुधा कुठल्यातरी मंत्रालयातला सहकारी असतो. घराचा दर्जा हुद्द्यावरून ठरतो आणि घरातली कुजबुज कार्यालयात पोचायला वेळ लागत नाही. सुट्टीवर जाणेही कागदावरच सुरू होते. रजा प्रवास सवलतीच्या, म्हणजे एलटीसीच्या, 1988 च्या नियमांत कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे: पती किंवा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील आणि काही अटींवर भावंडे. वीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदार त्यात कुठेच बसत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो प्रकरणातल्या निकालाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. त्या निकालानंतर 2024 मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही असे अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावे अशी सूचना राज्यांना गेली. एकाच शिधापत्रिकेवर नावे आणि प्रवासाच्या अर्जावर मात्र अनोळखी, अशी आजची स्थिती आहे. परदेशी जायचे तर कार्यालयाची पूर्वपरवानगीही लागते. मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत क्रूझला पासपोर्टही नको आणि ती परवानगीही नको, म्हणून ती या माणसाच्या आटोक्यातली आहे.

आता जहाजावर काय हवे, याविषयी. एक वाट पूर्ण जहाज भाड्याने घेण्याची आहे. अमेरिकेत आरएसव्हीपी कंपनीने 1986 मध्ये ती सुरू केली. 1973 मध्ये स्त्रियांच्या संगीतासाठी निघालेली ओलिव्हिया रेकॉर्ड्स 1990 मध्ये लेस्बियन स्त्रियांच्या क्रूझकडे वळली, 1991 मध्ये अटलांटिस ही कंपनी आली. पहिल्यांदाच हजारभर लोकांत आपण बहुसंख्य आहोत हे अनुभवणे ज्यांना मिळाले, त्यांच्या आयुष्यात त्या सहलींचे स्थान मोठे आहे. पण आपल्याकडे मला दुसरी वाट जास्त उपयोगाची वाटते: सर्वांसाठीचे साधे जहाज, आणि त्यात पत्रकातली ती ओळ. भाड्याच्या जहाजाचे तिकीट काढणारा आधीच पुरेसा निर्धास्त असतो. साध्या जहाजावर आईवडिलांसोबत आलेला तिशीतला मुलगा असतो, नवऱ्यासोबत आलेली आणि मनातले कुणालाच न सांगितलेली बाई असते, साठीतले दोन 'मित्र' असतात. ते पत्रक आईही वाचते. घरात कधी उच्चारला न गेलेला शब्द तिथे योगवर्ग आणि चहाच्या वेळेच्या मध्ये, कुठलाही गाजावाजा न करता छापलेला असतो. मुलगा त्या भेटीला गेला नाही तरी ते वाचणे वाया जात नाही.

आणि जो जातो, त्याच्यासाठी जहाजाची रचनाच मदतीला येते. शहरात एखाद्या कार्यक्रमात ओळख झाली की माणसे गर्दीत विरघळतात. जहाजावर तीच माणसे सकाळी नाश्त्याला, दुपारी डेकवर, रात्री नाट्यगृहाच्या दारात पुन्हा भेटतात. पहिल्या संध्याकाळची पंधरा मिनिटांची ओळख तिसऱ्या दिवशी एकत्र जेवण होते, म्हणून भेट पहिल्याच संध्याकाळी हवी. शेवटच्या रात्री ठेवलेली भेट जवळजवळ निरुपयोगी. दुसरी गोष्ट यजमानाची. अनेक जहाजांवर ही भेट 'यजमानाविना' ठेवली जाते: एका बारचे नाव आणि वेळ. मग चार जण चार कोपऱ्यांत बसतात, प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहून अंदाज बांधतो आणि अर्ध्या तासाने उठून जातो. जहाजाच्या कर्मचाऱ्यांपैकी एकाने दारात उभे राहून नमस्कार करायचा, नावे विचारायची, खुर्च्या गोल मांडायच्या, एवढ्याने चित्र बदलते. त्या यजमानाने हेही पाहावे की पुरुषांच्या घोळक्यात आलेल्या एकट्या बाईला किंवा पारलिंगी व्यक्तीला बोलायला जागा मिळते.

यावर आक्षेप येतात, आणि ते फेटाळून लावण्यासारखे नाहीत. पहिला: सुट्टीत आपली लैंगिकता जाहीर करायची गरज काय, बाकीचे प्रवासी कुठे तशी सभा भरवतात? पण मधुचंद्राचा केक, लग्नाच्या वाढदिवसाची ध्वनिक्षेपकावरची घोषणा, जोडप्यांचे खेळ, दोघांसाठी मांडलेली टेबले, हे सारे बाकीच्यांचे जाहीर करणेच आहे. फक्त ते इतके सवयीचे की दिसत नाही. दुसरा: वेगळी भेट म्हणजे वेगळे पाडणे. मराठी प्रवाशाला तरी हे पटू नये. केसरी, वीणा वर्ल्ड यांच्या खास महिलांच्या, खास ज्येष्ठांच्या सहली आपण कौतुकाने स्वीकारल्या. सासूसुनेच्या चौकटीबाहेर आठ दिवस मिळावेत म्हणून बाई त्या गटात जाते आणि परत येऊन त्याच घरात नांदते. त्या सहलींनी कुटुंब मोडले असे कुणी म्हणत नाही. पत्रकातली भेट तर जेमतेम तासाभराची असते.

मुलाबाळांचे काय, हा तिसरा आक्षेप. 2004 मध्ये 'नॉर्वेजियन डॉन' जहाजावरून आर फॅमिली या कंपनीने समलिंगी पालक आणि त्यांची मुले यांची क्रूझ नेली. बहामाच्या नासाऊ बंदरात या कुटुंबांचे स्वागत निदर्शकांनी केले. त्या धक्क्यावर मुलांना त्रास झाला असेल तर तो घोषणांचा होता. जहाजावर त्यांचे दोन बाबा किंवा दोन आया शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबासारखेच जेवत होते.

सुरक्षेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जहाजावरून निघून जाता येत नाही. कुणी फोटो काढून गावाकडच्या गटात टाकला तर समुद्राच्या मध्यावर माणूस काय करणार? शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 377 ची जागा घेणारे कलमच नाही. प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हे चांगलेच, पण पुरुषावर झालेल्या बलात्काराला स्वतंत्र कलमही उरले नाही. 2019 च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींना सेवा नाकारण्यास मनाई केली. समलिंगी जोडप्याला खोली देताना कुरकुर करणाऱ्या कंपनीविरुद्ध तसा खास कायदा नाही. या पोकळीत कंपनीनेच नियम घालायला हवेत: भेटीच्या जागी फोटो बंद, नावाची सक्ती नाही, तक्रार आल्यास ऐकणारा नेमलेला अधिकारी, आणि दोन पुरुषांनी एक पलंग मागितला तर प्रश्न न विचारता तो देण्याची कर्मचाऱ्यांना शिकवण. कोपऱ्यात चोरून होणाऱ्या भेटीपेक्षा यजमानाच्या देखत होणारी भेट नक्कीच सुरक्षित असते.

राहिला पैशाचा प्रश्न. क्रूझ ही सुस्थितीतल्यांची चैन आहे, आणि सेंट्रल पार्कमधून उचलले गेलेले किंवा सिग्नलवर उभे राहणारे तृतीयपंथी यांना तिचा काही उपयोग नाही, हे पूर्ण खरे. क्रूझमुळे समता येईल असे मी म्हणणार नाही. पण मुंबई-गोवा समुद्रप्रवास नेहमीच श्रीमंतांचा नव्हता. कोकणी माणूस 'कोकण सेवक'सारख्या बोटींच्या डेकवर वळकटी पसरून गेला. ऑक्टोबर 2018 मध्ये, 377 च्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आतच, 'आंग्रिया' ही क्रूझ या मार्गावर निघाली. ती टिकली नाही. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाऊ लागली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुंबई ते गोवा, लक्षद्वीप, कोची या मार्गावर लागणारे प्रत्येक बंदर भारतीय आहे. पेनांग किंवा मालदीवची भीती इथे नाही. दिल्लीहून राजधानीने रात्रभरात मुंबई गाठणाऱ्या दोन सरकारी नोकरांना धक्क्यापर्यंत कायदा अडवत नाही आणि धक्क्यानंतरही नाही. एलटीसीचा नियम बदलायला सरकार हवे, विवाहाला संसद हवी. पत्रकातल्या ओळीसाठी क्रूझ डायरेक्टरची सही पुरते.