खाडीवरचे हस्तांतर

विरारहून चर्चगेटकडे निघालेली जलद लोकल नायगावची मिठागरे मागे टाकून पुलावर चढते आणि उल्हास नदीच्या मुखाचे, भरती-ओहोटीप्रमाणे रंग पालटणारे विस्तीर्ण पाणी दोन्ही बाजूंस उघडे होते, तेव्हा डब्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेकडो माणसांच्या खिशांतील आणि हातांतील यंत्रे, आपल्या मालकांना कसलीही चाहूल लागू न देता, एक अतिशय नाजूक कामगिरी पार पाडीत असतात. ज्या मनोऱ्याच्या आधारावर आतापर्यंत बोलणे चालले होते त्याचा निरोप घ्यावयाचा, पाण्यापलीकडील भाईंदरच्या एखाद्या मनोऱ्याकडे रुजू व्हावयाचे, आणि हे सर्व बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तुटू न देता करावयाचे, अशी ती कामगिरी आहे. बहुधा ती साधते. कधी साधत नाही, आणि मग ‘पुलावर आहे, रेंज जाते, नंतर करतो’ असे घाईघाईने सांगून माणसे बोलणे संपवतात. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे विचार करण्यासारखे काही असेल अशी शंकाही कोणास येत नाही. वस्तुतः मोबाइलच्या शास्त्रातील सर्वांत कठीण प्रश्न याच ठिकाणी, दोन मनोऱ्यांच्या हद्दीवर, उभा असतो.

हा प्रश्न मोबाइलइतकाच जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डग्लस रिंग या अभियंत्याने १९४७ च्या डिसेंबरात एका टिपणात अशी तजवीज सुचविली की, एका उंच मनोऱ्यावरून सबंध शहराला सेवा देण्याऐवजी शहराचे लहान लहान विभाग पाडावेत, प्रत्येक विभागास आपला स्वतंत्र, कमी शक्तीचा मनोरा असावा, आणि एका विभागात वापरलेल्या लहरी काही अंतरावरील दुसऱ्या विभागात पुन्हा वापराव्यात. लहरींचे भांडार मर्यादित आहे. ते अशा पुनर्वापरानेच कोट्यवधी लोकांना पुरू शकले. परंतु विभाग पाडले की हद्दी आल्या, आणि चालू असलेले संभाषण हद्दीवरून पलीकडे सुखरूप कसे पोहोचवावे हे त्या टिपणाने सुटण्यासारखे नव्हते. त्याच प्रयोगशाळेतील एमॉस जोएल यांना १६ मे १९७२ रोजी मिळालेल्या पेटंटात या हस्तांतराची व्यवस्था आढळते. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा ही विद्या आपल्याकडे तयार स्वरूपातच येऊन पोहोचली होती.

हस्तांतराचा निर्णय कोण घेतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. यंत्र खिशात निवांत पडलेले असते तेव्हा कोणता मनोरा धरावयाचा हे, जाळ्याने (नेटवर्कने) घालून दिलेल्या नियमांच्या चौकटीत, ते स्वतःच ठरविते. पण संभाषण सुरू झाले की हा अधिकार जाळ्याकडे जातो आणि यंत्राकडे केवळ मोजमाप करून तपशील कळविण्याचे काम उरते. टूजीच्या पद्धतीत एकच लहरपट्टी आठ ग्राहकांना आळीपाळीने दिलेली असते आणि तिचे एक आवर्तन सुमारे ४.६ मिलिसेकंदांत पुरे होते. त्यातला एक अष्टमांश काळ यंत्र बोलते, एक अष्टमांश ऐकते, आणि उरलेल्या काळात आजूबाजूच्या मनोऱ्यांचे बल मोजून त्यांपैकी प्रबळ अशा सहा मनोऱ्यांचा अहवाल दर ०.४८ सेकंदास वर धाडते. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर दोन अहवालांच्या दरम्यान ती जेमतेम ११ मीटर पुढे सरकलेली असते. आणि मोजावयाचे ते बल तरी किती? पडद्यावरील काड्या कमी कमी होत शेवटच्या काडीवर येतात, तेव्हा यंत्रापाशी पोहोचणारी शक्ती एका वॅटच्या कोट्यंशाचाही कोट्यंश इतकीच उरते, आणि तेवढ्यावर माणसाचा आवाज ओळखू येईल असा उभा राहतो. या विद्येविषयी मला वाटणारा आदर येथूनच सुरू होतो.

मोजमाप झाल्यावर जो मनोरा प्रबळ दिसेल तो धरावा, इतके हे सोपे असते तर लिहिण्याजोगे फारसे उरले नसते. लहरी पुलाच्या लोखंडावरून, पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि डब्याच्या पत्र्यावरून परावर्तित होऊन येतात, कोठे एकमेकींस बळ देतात, कोठे एकमेकींचा नाश करतात. १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असल्यामुळे यंत्र आठ-नऊ सेंटिमीटर हलले तरी मोजलेले बल एकदम चढू वा उतरू शकते. अशा क्षणिक चढउतारावर विसंबून जाळे निर्णय घेऊ लागले, तर नायगावकडून भाईंदरकडे, लगेच परत नायगावकडे, पुन्हा भाईंदरकडे अशी येरझार सुरू होईल आणि प्रत्येक खेपेस बोलणे तुटण्याचा धोका पत्करावा लागेल. म्हणून मोजमापांची सरासरी काढतात. म्हणूनच नवा मनोरा जुन्याहून नुसता वरचढ असून भागत नाही, तर तो ठरावीक फरकाने, उदाहरणार्थ ३ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ दुप्पट शक्तीने, वरचढ असला पाहिजे आणि तो वरचढपणा सेकंदाचा काही अंश टिकला पाहिजे, अशी अट असते. धीम्या गाडीतला अनुभवी विरारकर बोरिवलीस जलद गाडी समोर दिसली म्हणून लगेच उतरत नाही. बदलण्याचे कष्ट आणि गर्दी वजा जाता खरोखर काही मिनिटे वाचतील अशी खात्री पटली तरच तो फलाट बदलतो. जाळ्याचा हिशेब नेमका असाच आहे. फरक फार ठेवला तर जुना मनोरा हातून सुटेपर्यंत बदल होत नाही आणि कॉल कट होतो. फार थोडा ठेवला तर येरझार होते. सर्व हद्दींना एकच आकडा लागू पडत नाही, ज्या त्या हद्दीवर तो पारखून ठरवावा लागतो, आणि सेवेची खरी प्रत कळते ती या पारखण्यावरून. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर तर सर्वांचीच सेवा उत्तम असते.

या पुलाखालची वसईची खाडी ही अशा पारखण्याची कठीण जागा आहे. जमिनीवर घरे, झाडे आणि टेकड्या लहरींना अडवतात, आणि ही अडवणूक एका अर्थी उपकारकच असते, कारण तिच्यामुळे प्रत्येक मनोऱ्याचा अंमल आपल्या मुलखापुरता राहतो. पाण्यावर तसा आडोसा नाही. खाडीतील पाणजू बेटाच्या आसपास नायगावचे, भाईंदरचे आणि त्यांपलीकडचेही मनोरे एकाच वेळी, जवळजवळ सारख्याच बळाने ऐकू येऊ शकतात, आणि त्यांतला एकही निर्विवाद प्रबळ नसतो. टूजीच्या यंत्राला शेजारी मनोऱ्यांची यादी जाळ्याकडून मिळते आणि ते त्या यादीतल्यांचेच मोजमाप करते; पाण्यापलीकडचा मनोरा कोणी यादीत घालण्यास विसरला, तर तो कितीही स्पष्ट ऐकू येत असला तरी यंत्राच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. फोरजीत यंत्राच्या अहवालावरून ही यादी आपोआप दुरुस्त होण्याची सोय आली, ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे. गर्दीची बाब निराळी. कोणता ग्राहक कोठे आहे हे ठाऊक असावे म्हणून जाळे अनेक मनोऱ्यांचे मिळून एक नोंदणीक्षेत्र करते, आणि क्षेत्र बदलले की खिशात निवांत असलेले यंत्रही आपली नवी नोंद करवून घेते. बारा किंवा पंधरा डब्यांची भरलेली गाडी अशी सीमा ओलांडते तेव्हा हजारो यंत्रांचे नोंदणीचे अर्ज काही सेकंदांत एकाच मनोऱ्यावर येऊन आदळतात, म्हणून ही सीमा गजबजलेल्या रेल्वेमार्गावर आडवी पडू नये, याची दक्षता आखणी करणारांनी घ्यावी लागते.

येथवर एकाच जातीच्या मनोऱ्यांची गोष्ट झाली. जाळ्याची जातच बदलावयाची असते तेव्हा, म्हणजे फाइव्हजीवरून फोरजीवर किंवा फोरजीवरून टूजीवर उतरावयाचे असते तेव्हा, अडचण दुणावते. यंत्राचा एकच ग्राही एका वेळी दोन निराळ्या पट्ट्या ऐकू शकत नाही; म्हणून फोरजीत, दुसऱ्या पट्टीचे मोजमाप करता यावे यासाठी जाळे यंत्राला दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांतून ६ मिलिसेकंदांची सवड देते आणि तेवढा काळ चालू सेवा थांबलेली असते. एकाच जातीच्या मनोऱ्यांमधील हस्तांतरासाठी मात्र थ्रीजीने एक सुंदर मार्ग काढला होता: तेथे यंत्र एकाच वेळी दोन-तीन मनोऱ्यांशी संबंध ठेवी आणि नवा संबंध दृढ झाल्यावरच जुना सोडी. फोरजीने तो मार्ग सोडून पुन्हा एक सोडून दुसरा धरण्याची पद्धत स्वीकारली, मात्र ती क्रिया सेकंदाच्या शतांश भागांत उरकण्याइतकी चपळ केली.

आरंभीच्या फोरजीत आवाजासाठी व्यवस्थाच नव्हती. कॉल आला की यंत्र टूजी वा थ्रीजीवर उतरे, बोलणे संपले की पुन्हा वर चढे, आणि मधल्या काळात इंटरनेट मंदावे किंवा थांबे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने सेवा सुरू केली ती केवळ फोरजीवर. खाली उतरण्यास तिच्यापाशी टूजी-थ्रीजी नव्हतेच, त्यामुळे आवाजही फोरजीवरूनच नेणारी व्हीओएलटीई ही पद्धत तिला पहिल्या दिवसापासून अपरिहार्य होती. एअरटेलने ती पद्धत २०१७ च्या सप्टेंबरात मुंबईपासून सुरू केली आणि २०२० पर्यंत आपले थ्रीजी बंद केले. मधली पायरी अशी नाहीशी झाल्यामुळे आज एअरटेलच्या ज्या ग्राहकाचे फोरजी सुटते तो एकदम टूजीवर येतो. बोलणे टिकते, पण चालू असलेले पैशाचे व्यवहार किंवा मुलांचे ऑनलाइन वर्ग टिकत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्हजी आले. त्याची ३.३ गिगाहर्ट्‌झच्या आसपासची पट्टी, जिच्या लहरीची लांबी सुमारे ९ सेंटिमीटर आहे, वेगाने संपन्न परंतु भिंतींपुढे दुर्बळ आहे. नालासोपाऱ्याच्या एकमेकींस टेकलेल्या इमारतींत, किंवा वसईच्या पश्चिमपट्टीत केळी, नारळ आणि पानवेलींनी दाट झालेल्या वाड्यांत, घराच्या ओट्यावर दिसणारे फाइव्हजी माजघरात दिसेनासे होते त्याचे कारण हेच. ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लांब लहरी मात्र तेथपर्यंत पोहोचतात. शिवाय फाइव्हजीच्या एका प्रकारात कारभाराची सूत्रे फोरजीकडेच राहतात आणि फाइव्हजी केवळ जोडीला येऊन वेग वाढविते. या प्रकारात पडद्यावर फाइव्हजीचे चिन्ह उमटले तरी त्या क्षणी वाहतूक फोरजीवरूनच चाललेली असू शकते.

खाडीवर आणखी एक हद्द होती, तिचा निसर्गाशी संबंध नव्हता. दूरसंचार खात्याच्या दप्तरी मुंबई परिमंडळ म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण या टेलिफोन व्यवस्थांचा स्थानिक मुलूख. भाईंदरचा क्रमांक ०२२ ने सुरू होई, वसईचा ०२५० ने, आणि वसई महाराष्ट्र-गोवा परिमंडळात पडली. १८६७ पासून विरारहून मुंबईस उपनगरी गाडी धावते आहे आणि येथील माणसांचे पोट मुंबईवर आहे, हे ध्यानात न घेता आखलेल्या या रेषेमुळे रोजचा प्रवासी पूल ओलांडताच परमुलखात गणला जाई व त्यास रोमिंगचा आकार पडे. २००५ मध्ये मुंबई व उर्वरित महाराष्ट्र यांमधील कॉल एकाच परिमंडळातले मानण्यात आले, २०१६-१७ नंतर देशांतर्गत रोमिंगचे शुल्कही गेले. वसईची महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. परवान्यांची जुनी रेषा मात्र तशीच आहे.

अर्नाळा आणि पाचूबंदर येथील मासेमारांना तर याहूनही चमत्कारिक सीमा भेटते. प्रत्येक ग्राहकाचा संदेश मनोऱ्यापाशी आपल्या ठरलेल्या क्षणी पोहोचावा म्हणून टूजीतील यंत्र अंतराच्या प्रमाणात थोडे आधी बोलू लागते. या आगाऊपणाच्या सुमारे साडेपाचशे मीटरच्या ६३ पायऱ्याच त्या पद्धतीत ठेवलेल्या आहेत. त्यामुळे सामान्य मांडणीच्या मनोऱ्यापासून ३५ किलोमीटरपलीकडे गेलेल्या होडीला, उघड्या समुद्रावरून मनोरा ऐकू येत असला तरी, त्याच्याशी बोलता येत नाही. प्रकाशाच्या वेगाने घातलेली ही मर्यादा आहे.

यंत्राच्या सेटिंगमध्ये कोणत्या जातीचे जाळे पसंत करावयाचे याची निवड असते, तिचा उपयोग जाणून करावा. प्रवासात ती निवड आपोआप ठेवणेच हितावह, कारण वर वर्णिलेला सारा हिशेब त्याच गृहीतावर बसविलेला आहे. घरात फाइव्हजी क्षणात येते व क्षणात जाते असे आढळले तर फोरजीची निवड केल्याने येरझार थांबते, बॅटरीही वाचते, कारण दुर्बळ मनोऱ्याशी बोलताना यंत्रास अधिक शक्ती खर्चावी लागते. मात्र केवळ फोरजी अशी निवड करताना आपल्या यंत्रात व्हीओएलटीई चालू असल्याची खात्री करून घ्यावी. ते नसेल तर इंटरनेट चालेल, पण कॉल येणार नाही, आणि घरातल्या आजारी माणसाचा निरोप पोहोचला नाही हे कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम केले आणि कोणत्या भागात कोणत्या जातीचे जाळे पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर मांडावेत असे बंधन घातले. हे नकाशे प्रत्येक वसई-विरारकराने अवश्य पाहावेत. परंतु मनोऱ्याचा आवाका दाखविणारा नकाशा हस्तांतराविषयी काही सांगत नाही. सकाळी सात ते दहा आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत, दारात माणसे लटकलेल्या गाडीत, नायगाव ते भाईंदर या टप्प्यावर किती संभाषणे पूर्ण झाली, किती तुटली आणि किती यंत्रे फोरजीवरून टूजीवर फेकली गेली, याची मोजणी करून ती कंपनीवार प्रसिद्ध करावी, आणि त्या आकड्यांवरून खाडीच्या दोन्ही काठांवरील मनोऱ्यांची पारख दरवर्षी नव्याने व्हावी, अशी मागणी येथील नागरिकांनी प्राधिकरणाकडे लेखी करण्यास आता काहीच हरकत नाही.