फाईल आहे, पण उघडत नाही

मोशी-भोसरी पट्ट्यातल्या लघुउद्योगांत जुनी पर्चेस ऑर्डर किंवा ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आऊटलुकच्या, म्हणजे मेल साठवणाऱ्या, पीएसटी फाईलमध्येच पडून असते. ऐन ऑडिटच्या तोंडावर ती उघडायला जावं, तर ‘ही आऊटलुकची फाईल नाही’ असा संदेश!

आधी आकार बघा. आऊटलुक 2002 पर्यंतच्या फाईलला 2 जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाईल बिघडायची. 2003 मध्ये ही मर्यादा 20 जीबी झाली, 2010 मध्ये 50. दुसरं कारण ऑफिसोऑफिसी दिसतं: सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमधून फाईल थेट उघडणं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच याला नको म्हणतं. मध्येच नेटवर्क तुटलं किंवा लाईट गेली की फाईलची आतली अनुक्रमणिका मोडते. मेल मात्र पुष्कळदा शाबूत असतात.

तेव्हा घाबरून फाईल डिलीट करू नका. तिची कॉपी घ्या, आऊटलुक बंद करा आणि त्या कॉपीवर ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचं टूल चालवा. एका फेरीत भागलं नाही, तर पुन्हा चालवा. हे टूल आऊटलुकसोबतच येतं, त्यामुळे विकतच्या ‘रिकव्हरी’ सॉफ्टवेअरकडे धावण्याची घाई नको. आणि बॅकअप सीडीवर असेल, तर तो आधी हार्डडिस्कवर उतरवा. रीड-ओन्ली पीएसटी आऊटलुक उघडतच नाही.